आईच्या खोलीतून गेलेली नळी

माझी सासू फिदान सकाळीच गेली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आतून सगळं बधिर होतं. हात आपली कामं करत होते. बायकांनी तिचा जबडा बांधला, तिच्याच खोलीत जमिनीवर निजवलं आणि पोट फुगू नये म्हणून वर सुरी ठेवली. बर्फानं कार्स शहराकडून येणारा रस्ता बंद, नणंद उद्या पोहोचणार, दफन उद्या दुपारी.

मयताची खोली गार हवी. आमच्या घरात नेमकी तीच गरम.

ही माझ्या नवऱ्याची, झेकीची करामत. लोखंडी शेगडी पुढच्या खोलीत. हिवाळ्यात तिथंच सगळ्यांनी पडायचं, अख्खं गाव तसंच झोपतं. पण म्हातारीला निजायचं एकटीनं आणि थंडी तर सोसत नाही. म्हणून झेकीनं भिंत फोडली, धुराची नळी तिच्या खोलीतून फिरवली आणि तिच्या खिडकीतून बाहेर काढली. एवढ्या लांब नळीत धूर वाटेतच गार व्हायचा. सांध्यांतून काळं पाणी गळायचं, गोवऱ्या धड पेटायच्या नाहीत. दोन हिवाळे खाली डबे लावून लावून मी वैतागले. मेल्या नळीनं माझ्या गोधड्यांचं वाटोळं केलं.

आता शेगडी विझवावी, तर आमची सेवदा तीन महिन्यांची, छातीत कफ भरलेला. स्वयंपाकघरात बादलीतलं पाणी गोठलं होतं.

शेजारचा मुहारेम पक्कड घेऊन आला. "झेकी, नळी उतरवू. इथल्याच खिडकीतून बाहेर काढू. कितीसं काम आहे?"

"राहू दे."

"अरे, उद्या दुपारपर्यंत..."

"राहू दे म्हटलं ना, मुहारेमदादा. तिला थंडी सोसत नाही." आणि यानं शेगडीत आणखी दोन गोवऱ्या सारल्या.

माझं डोकंच फिरलं. चिमटा घेतला आणि पेटत्या गोवऱ्या ओढून राखेच्या बादलीत टाकल्या. "उद्या गाव येईल तिला खांदा द्यायला. नाकाला रुमाल लावून उचललेली चालेल तुला?"

तो नळी निवेपर्यंत थांबला, मग स्वतःच आत गेला. सांधे सोडवताना त्याचा आवाज ऐकू आला, "आई, जरा गारठा लागेल हं." तेव्हाही मला रडू आलं नाही.

भिंतीच्या भोकात मी जुनी वाकळ कोंबली. मुहारेमनं नळी आखूड करून पुढच्या खिडकीतून काढली. पुन्हा पेटवलं, तर धुराला अशी ओढ बसली की शेगडीचा पत्रा लाल झाला. काचेवरचा बर्फ सुटून खाली घसरला. सेवदाच्या छातीतली घरघर कमी झाली, ती शांत झोपली. मी अंगातला स्वेटर काढला. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

झेकी मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून कोटातच बसलेला, कपाळावर घाम.

"काढ की तो कोट," मी म्हटलं.

"नको. आईपाशी जाऊन बसतो."

तो उठला, आत गेला आणि ऊब मागोमाग येऊ नये म्हणून त्यानं दार घट्ट ओढून घेतलं.