हिवाळ्यात भेंडी ओरडणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा. लग्नातला नाही, निवडणुकीतलाही नाही, भाजीच्या हातगाडीवरचा. अमरावतीला राजापेठेच्या मागच्या कॉलन्यांमध्ये मी सात वर्षं फिरलो आहे. अंगावर दोन पोचे आहेत, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि बॅटरी दोनदा बदलून झाली आहे. तरी आवाज अजून खणखणीत आहे. ही माझी बढाई नव्हे, दुरुस्तीवाले रऊफभाई तसं म्हणतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते रऊफभाईंच्या दुकानात. तिथूनच सहदेवने मला घेतलं. रऊफभाईंनी त्याला माझं लाल बटण दाखवलं. ते दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडून द्यायचं. मग मी तेवढंच दिवसभर बोलत राहतो. स्वतःची अक्कल चालवायची सोय माझ्यात नाही. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची होती. सहदेव दर आठ-पंधरा दिवसांनी, बाजारात जसा माल असेल तसा, माझ्यात नवा आवाज भरायचा. त्याचा आवाज गोड, लांबवर जाणारा. एकदा भरता भरता त्याला खोकला आला, तर गल्लीतली पोरं आठवडाभर माझ्यासारखी खोकत फिरत होती. मला त्याचं कोण अप्रूप वाटलं होतं!

गाडीमागे त्याची बायको माणिकबाई असायची. तराजू तिचा, भाजीची निवड तिची, कुणाच्या घरी कोवळी वांगी लागतात आणि कुणाला भरताची मोठी, तेही तिच्याच डोक्यात. पण ओरडायचं काम तिचं नव्हतं. गिऱ्हाइकाशीसुद्धा ती हळू आवाजात बोलायची, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असल्यासारखी.

असं का, ते मला एकदा ओट्यावर कळलं. तिची मुलगी हर्षा कॉलेजातून आली होती आणि दोघी वाटाणे सोलत बसल्या होत्या. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात माणिकबाईचं लग्न झालं, तेव्हा मांडवात सगळ्यांनी तिला नाव घ्यायचा आग्रह केला. तिने पाठ केलेला उखाणा म्हणायला तोंड उघडलं. तिचा आवाज मुळातच जाड, त्यात घाबरलेली. वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं, "अरे, नवरी हाय का नवरदेव?" सगळा मांडव हसला. उखाणा अर्धाच राहिला.

"तवापासून म्या नाव घेतलं नाई," माणिकबाई म्हणाली. "हळदीकुंकवालेबी नाई. घसा बसला म्हनून सांगतो."

एकवीस वर्षं तिचा घसा बसलेलाच होता, मित्रांनो. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. मी तर बोलायलाच जन्मलेला. बोलता येत असून गप्प राहणाऱ्या माणसाचं काय होत असेल, हे माझ्या मनात तोवर कधी आलंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात सहदेवला चिखलदऱ्याला एका कॉफीच्या बागेत काम मिळालं. गाडी माणिकबाईच्या हाती आली. जाण्यापूर्वी त्याने माझ्यात भरलं, "भेंडी घ्या, गवार घ्या, चवळीच्या शेंगा घ्या!" मे महिना होता, गाडीवर तेच होतं. मग पावसाळा आला, दिवाळी आली, थंडी पडली. गाडीवर मेथी, गाजर, वाटाणे दिसू लागले. मी मात्र भेंडीच ओरडत होतो.

हर्षा म्हणाली, "आई, आण इकडे. मी भरून देते."

"तुह्या बाबाचा आवाज पुसू नको," माणिकबाईने मला पदराआड ओढलं. "त्याच आवाजावर गिऱ्हाईक येते."

हे अर्धंच खरं होतं. हर्षा सकाळी सहाला कॉलेजला जाते आणि माल त्यानंतर येतो. एकदा का आवाज बदलायची सवय लागली, की रोजचं लाल बटण माणिकबाईलाच दाबावं लागलं असतं. ते तिला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगू का? मलाही ते हवंच होतं. सहदेवचा आवाज पुसला तर माझ्यात उरणार काय, या भीतीने मी तिच्या हट्टाला मनातून दाद देत होतो. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आयशाबी राहतात. गुडघे दुखत असतानाही त्या माझं ऐकून गवारीसाठी खाली उतरल्या. गाडीवर गवारीची एक शेंग नव्हती.

"काहून वं बाई, तुहा भोंगा खोटं बोलून राहिला!" त्या हसल्या आणि मेथी घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी त्या हसल्या नाहीत, काही न घेता जिना चढल्या. एकेक करून बाकीच्या बायकांनीही खिडक्यांतून बघणं सोडलं. त्यातच भाजीचा एक मिनी टेम्पो कॉलनीत येऊ लागला. त्याचा भोंगा ताज्या मालाची ताजी नावं घ्यायचा. आमची मेथी संध्याकाळी मान टाकून परत घरी यायची.

सहदेवचा फोन आला. "गाडी देऊन टाक कोनाले. इकडं बागेत सैपाकाले बाई पाह्यजे. तू इकडंच ये. इतवारी सांग मले."

माणिकबाई "बरं" म्हणाली. मग ओल्या फडक्याने मला पुसत बसली. नेहमीपेक्षा खूप वेळ पुसलं.

"मले नाई जाचं," ती अगदी हळू म्हणाली. "हे गाडी माही हाय. माह्या हातानं चालवली म्या." हे तिने सहदेवला सांगायला हवं होतं. सांगितलं मला, आणि मी तर फक्त भेंडी ओरडू शकत होतो.

शनिवारी सकाळच्या बाजारात तिला तुरीच्या पहिल्या शेंगा मिळाल्या. हिरव्यागार, दाण्यांनी भरलेल्या. तिचा चेहरा उजळला. आयशाबींनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, की सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, आले की सर्वांत आधी मला कळव. त्यांची मुलगी हीना बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि तिला सोल्यांच्या भाजीचे डोहाळे लागले होते.

आम्ही आयशाबींच्या इमारतीखाली आलो. थंडीमुळे खिडकी बंद. मी जोरात ओरडलो, "भेंडी घ्या, गवार घ्या!" खिडकी हलली नाही. कोपऱ्यावर टेम्पोचा भोंगा ऐकू आला. वर जाऊन सांगावं, तर गाडी कुणाच्या भरवशावर सोडायची? माणिकबाईने एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग तिने माझं बटण बंद केलं.

मित्रांनो, सात वर्षांत भर गल्लीत मला कुणी गप्प केलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. पदराने ओठ पुसले, पुन्हा उघडलं. "आय..." एवढंच निघालं. मला वाटलं, आता ती गाडी वळवणार. ती वळली नाही.

"आयशाबी! वं आयशाबी! सोले आले!"

केवढा मोठा आवाज! कुत्रं भुंकलं. स्कूटीवरून जाणाऱ्या एकाने मागे वळून पाहिलं आणि हसला. माणिकबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात वर खिडकी उघडली.

"कोन हाय? माणिक, तू हायस काय? मले वाटलं कोनी गडीमानूस आवाज देऊन राहिला!"

झालं! तोच मांडव पुन्हा उभा राहिला, असं वाटून मी घाबरलो. पण आयशाबी अर्ध्या खिडकीबाहेर येऊन बोलतच होत्या. "काय दमदार आवाज हाय वं तुहा! बंद खिडकीतून अंदर आला. तुह्या भोंग्याले तर म्या कान देनंच सोडलं. थांब, जाऊ नको, सगळे सोले मलेच पाह्यजे."

माणिकबाई उभ्या जागी रडली आणि रडता रडता हसली. आयशाबी पिशवी घेऊन एकेक पायरी उतरत होत्या, तोवर तिने समोरच्या इमारतीकडे तोंड करून हाक दिली, "गाजर घ्या, वाटाने घ्या, मेथी घ्या!" मेथीवर तिचा आवाज फाटला. तिने घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं समजू नका. पुढे दोन दिवस ती पहिल्या हाकेआधी दहा-दहा मिनिटं नुसती उभी राहायची. कधी भाज्यांची नावं विसरायची. टेम्पो अजूनही येतो आणि काही बायका त्याच्याकडेच जातात. पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तिने सहदेवला फोन केला.

"मी नाई येत," ती म्हणाली. "गाडी चालू राहीन."

"भोंगा सुधरवला काय?"

"नाई. आता मीच आवाज देतो."

सहदेव म्हणाला, "मले ऐकव बरं." आणि तिने भर दुपारी, ओट्यावर बसून, फोनमध्ये मोठ्याने सगळी भाजी सांगितली. शेजारच्या गोदाबाई धावत बाहेर आल्या. सहदेव इतका हसला, की त्याला खोकला आला. माणिकबाईसुद्धा हसली, या वेळचं हसणं तिला टोचलं नाही.

हर्षाने विचारलं, "आता तुझा आवाज भरू का याच्यात?"

"नको. रोजचा माल येगळा," माणिकबाई म्हणाली.

तेव्हापासून मी गाडीच्या कोपऱ्यात उलटा टांगलेला असतो. माझ्या तोंडात ती कोथिंबिरीच्या जुड्या खोचून ठेवते. प्रथम मला राग आला, खोटं कशाला बोलू? माझं काम गेलं, मान गेला. पण सकाळी तिची पहिली हाक गल्लीत जाते आणि वर खिडक्यांच्या कड्या वाजू लागतात, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे जातो.

मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे भोंगे दुकानात पुष्कळ मिळतात. माझं मागणं वेगळं आहे. घरात, वर्गात, लग्नाच्या मांडवात कुणी घाबरत घाबरत तोंड उघडलं आणि आवाज जाडाभरडा निघाला, तर हसू नका. आणि उद्या तुमच्या गल्लीत कुणी आयुष्यातली पहिलीच हाक देत असेल, तर खिडकी उघडा. काही घ्यायचं नसलं तरी उघडा.