उल्का पडली त्या संकष्टीला

संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत मी आणि रत्ना माझ्या अंगणातच बसतो. रत्ना माझी धाकटी जाऊ. हिर्डोशीत डोंगराआडून चंद्र वर यायला वेळ लागतो. तोवर ती बडबडते, मी जप करते.

मार्गशीर्षातल्या संकष्टीला अंगण एकाएकी पांढरंफटक झालं. वरंध्याच्या बाजूनं हिरवट आगीचा गोळा आभाळ चिरत आला.

"अक्का, बगा! वर बगा की!" रत्ना ओरडली.

तारा तुटताना बघू नये, कुणाचा तरी जीव जात असतो, मान खाली घालून रामाचं नाव घ्यावं, असं आईनं शिकवलेलं. मी मान खाली घातली. अंगणाखालीच आमची भातखाचरं. तिथं रत्नाचा नवरा, माझा दीर हनुमंत, हद्दीच्या दगडाखाली पहार घालून उभा होता. तोही आ वासून वरच बघत होता. मग अंधार झाला.

सकाळी दगड चार हात माझ्याकडं सरकलेला. त्याच कोपऱ्यातून झऱ्याचं पाणी माझ्या खाचरात उतरतं. कोपरा गेला तर खाचर कोरडं. आमचे हे गेल्यापासून माझं पोट त्या भातावरच आहे.

देवळापुढं माणसं जमली. आधी सगळ्यांनी मोबाईलवर उल्का बघितली, सारोळ्याच्या पंपावरच्या कॅमेऱ्यात आलेली. मग माझं ऐकलं.

"दोन घटकेचा उजेड व्हता का काय, वैनी?" हनुमंत हसला. "दगड वळखला, माणूस वळखला!"

"पहारही ओळखली, भाऊजी. आमच्याच घरची आहे."

गावातल्या जाणत्या कोंडिबाआबांनी रत्नाला विचारलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "म्या तर वरच बगत हुते."

खोटं नव्हतं ते.

"मग वैनींनी बेलभंडारा उचलावा," हनुमंत म्हणाला. "आमी गप बसतो."

त्याला माहीत होतं. साऱ्या गावालाच माहीत आहे, देवाची शपथ घ्यायची नाही हे माझं व्रत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून पाळते. मी हात जोडून उभी राहिले. आबा म्हणाले, "उचल की गं बाई, खरं आसंल तर!" हात पुढं गेला नाही.

हनुमंतानं पायातली चप्पल काढली आणि पुढं येऊन भंडारा उचलला. लोक म्हणाले, "मिटलं." जाताना कुणीतरी कुजबुजलं, एवढी देवाची म्हणवते, खरी असती तर भ्याली असती का?

पुढच्या संकष्टीला रत्ना नेहमीसारखी आली. तिनं माझ्यासाठी गूळ आणला होता. बराच वेळ आभाळाकडं बघत बसली.

"अक्का, तसलं परत पडंल का वो?"

"पडलं तर या वेळी तू खाली बघ," मी म्हणाले.

चंद्र वर आला. मी अर्घ्य दिलं. रत्ना उपास न सोडताच उठून गेली.