रावजीचा पाय

"लागतंय काय गरम?"

"न्हाय. अजून टाक."

वेणूबाईने भर दुपारची तापलेली वाळू ओंजळीने नवऱ्याच्या पायावर ओतली. पाय दुखला की उन्हातल्या वाळूत पुरायचा, हा किनाऱ्यावरचा जुनाच उपाय. तिच्या स्वतःच्या हातांना चटके बसत होते. रावजी मात्र समुद्राकडे बघत बिडी ओढत होता.

संध्याकाळी पावलावर फोड आले. महिना गेला तरी जखम भरेना. मग दोन बोटं काळी पडली. सून भावना दोघांना घेऊन नवी मुंबईच्या इस्पितळात गेली.

"मीच भाजला त्यांचा पाय," वेणूबाई डॉक्टरांना म्हणाली.

"काकू, हा पाय आधीपासूनच उपाशी होता. बिडीनं रक्ताची वाट बंद केली होती. म्हणून तर त्यांना चटका कळला नाही." डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढली आणि मध्येच खोडली. "जांघेतून बारीक तार आत घालतो. ती इथून पार गेली तर फुगा फुगवून वाट मोकळी करू. नाही गेली, तर पाय मांडीतून कापावा लागेल."

रावजी आयुष्यभर बोर्लीच्या वाड्यांत झाडांवर चढून सुपारी उतरवत आला होता. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन तो दुसरं झाड धरायचा. त्याने विचारलं, "मंग झाडावर?"

"आधी पाय वाचवू, काका."

ऑपरेशनच्या टेबलावर तो जागाच होता. डॉक्टरांनी नळीतून औषध सोडलं. "गरम वाटेल हं."

मांडीत ऊब आली आणि गुडघ्याशी थांबली. मग तार पुढे सरकू लागली. ती अडायची, मागे यायची, पुन्हा शिरायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गेली." फुगा फुगला तेव्हा पोटरीत कळ उठली. रावजीने दात आवळले. पुन्हा औषध सोडलं.

"आली," तो म्हणाला. "पावलापर्यंत आली."

पाय वाचला. काळी पडलेली दोन बोटं मात्र काढावी लागली. त्यांतलं एक म्हणजे अंगठा. अंगठ्याशिवाय झाडाला पकड बसत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

थंडीत सुपारी पिकली. वाडीत आता रावजीच्या जागी तरणा अल्पेश झाडावर चढला. वरून घड आपटले की सुपाऱ्या चहूकडे उधळत. त्या वेचायचं काम बायकांचं. रावजी काठी टेकत आला, काठी बाजूला ठेवून हळूच खाली बसला आणि वेचू लागला.

"काय वो रावजीभाऊ," वेचणाऱ्या बायकांतली रंगू हसली, "आज आमच्या बायांत व्हय?"

"बसाया जागा हाय ना?"

वर झाड करकरलं. त्याने मान वर केली नाही.

शेजारी वेचत बसलेली वेणूबाई थोडी सरकली आणि तिने आपली टोपली दोघांच्या मध्ये ठेवली.