दातावरचा पांढरा डोळा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "ही जाडजूड बांगडी कुणाची?" मी बांगडी नाही. मी एक जुना गोल फ्लॅश आहे. कॅमेऱ्याच्या नाकाभोवती मला बसवतात आणि माणसाच्या उघड्या तोंडात मी उजेड पाडतो. लग्नं, डोंगर, हत्ती, सिंह हे सगळं दुसऱ्या फ्लॅशांच्या वाट्याला गेलं. माझ्या वाट्याला दाढा आल्या. पण माझं काही वाईट चाललेलं नाही, आणि ते कसं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

दूरच्या एका कारखान्यात काचेची बारीक नळी गोल वाकवून माझा जन्म झाला. मी ज्यांच्याकडे आलो ते दारेसलामहून दिवसभराच्या वाटेवर असलेल्या मेरू पर्वताच्या पायथ्याशी, टेंगेरूच्या बाजाराजवळ दवाखाना चालवणारे एक वयस्कर दंतवैद्य होते. त्यांच्या हाताखाली मी भरपूर काम केलं. दाढ किडली आहे असं नुसतं सांगितलं तर कुणी मानायचं नाही. मग ते गरम पाण्यातून काढलेला छोटा आरसा तोंडात धरायचे. आरसा कोमट असला की श्वासाने धुरकट होत नाही. मी एकदा लखकन पेटायचो आणि दाढेतलं भगदाड कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर दिसायचं. मग पेशंट मुकाट्याने खुर्चीत मागे टेकायचा. बाजूने उजेड टाकणाऱ्या दिव्याला गाल आडवा येतो. माझा उजेड चारी बाजूंनी पडतो, त्यामुळे पार मागच्या दाढेवरही सावली राहत नाही. या गोष्टीचा मला फार तोरा होता. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

पुढे डॉक्टर निवृत्त होऊन गावी गेले आणि मला कुणीतरी टेबलाच्या खणात टाकलं. माझ्या पोटातले सेल काढून ठेवायचं काही कुणाला सुचलं नाही. सेल पाझरले, आतल्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला आणि मी आंधळा होऊन पडलो. वर चहाचे कप ठेवले जायचे. ते दिवस आठवले की अजून राग येतो.

मग टांगा गावाहून एक तरुण डॉक्टरीण आली. तिचं नाव म्वानाइदी. टांगा म्हणजे समुद्रकिनारा. त्यामुळे इथली थंडी तिला सोसायची नाही आणि ती बाराही महिने स्वेटर घालून बसायची. खण आवरताना तिला मी सापडलो. तिने कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन माझ्या पट्ट्या एकेक करून घासल्या, नीट कोरड्या केल्या, नवे सेल घातले आणि कळ दाबली. मी पेटलो. "म्हातारा जिवंत आहे की," ती स्वतःशीच म्हणाली. त्या दिवसापासून दवाखान्यात माझं नाव म्हातारा पडलं. मला ते आवडलं.

आता एलिपेंडोची गोष्ट. ती केळी विकायची आणि चर्चच्या गायनमंडळात गायची. सुगीच्या सणाला गाण्याची पहिली ओळ ती एकटी उचलायची, मग बाकीचे मागून यायचे. त्या वर्षी सणाला दीडेक महिना असताना डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन येताना तिचा पाय घसरला. घड वाचला, पण वरचा पुढचा दात अर्धा गेला. तेव्हापासून ती तोंडावर खांग्याचा, म्हणजे अंगावर गुंडाळायच्या रंगीत कापडाचा, पदर धरून बोलायची, आणि गाणं तर तिने बंदच केलं. पहिली ओळ दुसरीला द्यायची बोलणी सुरू झाली होती. हे तिनेच खुर्चीत बसून सांगितलं, छताकडे बघत.

सोबत तिची सासू होती. तिला सगळे बिबी, म्हणजे आजी, म्हणत. बिबीच्या जिभेला हाड नव्हतं.

"डॉक्टरीणबाई, हिचा दात लवकर बसवा," बिबी म्हणाली. "ही गात नाही तोवर घरात माझ्याशी भांडते. गायची तेव्हा निदान दम तरी लागायचा."

"आणि तुम्ही भांडत नाही वाटतं?" एलिपेंडो पदराआडून म्हणाली.

"मी समजावते."

म्वानाइदीने तुटलेला दात घासून बारीक केला. त्याच्यावर चिनीमातीची टोपी बसवायची होती, दिसायला अगदी शेजारच्या दातासारखी. अशा टोप्या घडवणारा कारागीर सालुमु दारेसलामला राहायचा. एलिपेंडोचं तोंड त्याला कधी दिसणार नव्हतं. त्याला दिसणार होता फक्त फोटो. म्हणून सगळी भिस्त माझ्यावर होती.

मेरूच्या या उतारावरच्या माणसांचे दात कसे असतात हे तुम्हाला सांगायला हवं. इथल्या झऱ्यांच्या पाण्यात काहीतरी असं आहे, की जे लहानपणापासून ते पितात त्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, मधे खडूसारखे पांढरे ठिपके येतात. ती घाण नसते, घासून जात नाही. आजी, आई, लेक, सगळ्यांचे दात एकाच पाण्याचे.

म्वानाइदीने एलिपेंडोचे ओठ प्लास्टिकच्या आकड्यांनी बाजूला केले, मला सरळ समोर धरलं आणि कळ दाबली. मी आपला जीव खाऊन पेटलो. फोटो दारेसलामला गेला.

टोपी आली. म्वानाइदीने ती दातावर टेकवून एलिपेंडोच्या हातात आरसा दिला. एलिपेंडो बघत राहिली. बिबी चष्मा सावरत जवळ आली.

"सूनबाई, तुझ्या तोंडात हा दारेसलामचा भाडेकरू कधी राहायला आला?"

"पांढरा आहे, पण स्वच्छ दिसतो की," म्वानाइदी चाचरत म्हणाली.

"भाडेकरू गोरा असेना का," बिबी म्हणाली, "पण त्याला हा डोळा कशाला? बघा, बघा, माझ्याकडे रोखून बघतोय."

मीही बघितलं. टोपीच्या बरोबर मधोमध एक पांढरं गोल कडं होतं. नीट, रेखीव, आतून पोकळ. मित्रांनो, मी ते क्षणात ओळखलं. ते मीच होतो.

म्वानाइदीने सालुमुला फोन लावला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काय दात झालाय, डॉक्टर! तुमच्या त्या मेरूच्या लोकांच्या दातांवर पांढरे डाग असतात, मला माहीत आहे ना. फोटोत प्रत्येक दातावर गोल डाग होता. मी हुबेहूब काढला. किती वेळा भट्टीत घातला माहितीय?"

"सालुमु, तो डाग नव्हता. ती माझ्या फ्लॅशची चकाकी होती."

पलीकडे त्याने फोटो पुन्हा शोधल्याची खुडबुड ऐकू आली.

"प्रत्येक दातावर सारखाच होता," सालुमु पडेल आवाजात म्हणाला. "मला वाटलं, पाण्याची करामत."

दुसऱ्या कुठल्या गावचा फोटो असता तर ही चूक झालीच नसती. पांढरे डाग ही इथल्या दातांची खूण, म्हणून बिचाऱ्याने माझी चकाकीसुद्धा खूण समजून भाजून काढली. आणि माझ्या झगझगाटात खरे तपकिरी पट्टे तर पार धुऊन गेले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण चिनीमातीत कोरलेली आपली तसबीर कुणाच्या वाट्याला येते? मी मनातून फुललो होतो.

एलिपेंडोच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. म्वानाइदी म्हणाली, "तुझी इच्छा असेल तर पुढचे सगळेच दात पांढरे करता येतील."

"नको," एलिपेंडो म्हणाली. "माझी आई गेली, पण तिचे दात माझ्या तोंडात आहेत. मंडळातल्या आम्ही सगळ्याजणी शेजारी शेजारी उभ्या राहतो, सगळ्यांचे असेच. मला माझ्यासारखा दात द्या. नाहीतर हा तुटकाच राहू दे, मी मागच्या रांगेत उभी राहीन."

"मागच्या रांगेत उभी राहिलीस तर घरी येऊ नकोस," बिबी म्हणाली. बोलता बोलता तिने आपल्या पदराने सुनेचे डोळे पुसले.

म्वानाइदीने तात्पुरता दात चिकटवून दोघींना घरी पाठवलं. मग मला कॅमेऱ्यावरून काढून तिने टेबलावर ठेवलं. तिला आरुशा शहरात दातांचे फोटो काढायला शिकवणाऱ्या एका बाईंचा वर्ग आठवला. पुढच्याच शनिवारी आम्ही तिथे होतो. बाकीच्यांकडे नवेकोरे जोडफ्लॅश, दोन्ही बाजूंना हात पसरलेले. मी एकटाच बांगडीवाला. शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर सोललेलं उकडलेलं अंडं ठेवलं.

"हा तुमचा दात," त्या म्हणाल्या. "ओला, गोल आणि चकाकणारा. याच्यावर उजेड पाडा आणि काय दिसतं ते सांगा. अंड्याबद्दल नाही, उजेडाबद्दल सांगा."

माझ्या उजेडात अंड्यावर कडं उमटलं. जोडफ्लॅशने दोन बाजूंना दोन चकाक्या पडल्या आणि मधे अंड्याची गोलाई छान दिसली. मग बाईंनी करड्या रंगाच्या पातळ फिल्मचे दोन तुकडे काढले. एक फ्लॅशवर, एक कॅमेऱ्याच्या काचेपुढे, पण पहिल्याला आडवा. दोन्ही एकमेकांना आडवे लागले की वरची चकाकी गिळली जाते आणि आतला रंग तेवढा उरतो. त्यांनी मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "हा अजून चालतो? मग याला चष्मा घाला. म्हाताऱ्यांना चष्म्याने बरं दिसतं." सगळे हसले. मला ते फारसं आवडलं नाही.

अशी फिल्म टेंगेरूत कुठून मिळणार? पण फुटक्या टीव्हीच्या पडद्यात तीच असते, असं बाईंनीच सांगितलं होतं. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने मोडीतल्या पडद्यावरून एक पापुद्रा सोलून दिला. म्वानाइदीने नखं कापायच्या कात्रीने त्याचं कडं कापून माझ्या तोंडावर चिकटवलं आणि दुसरा तुकडा कॅमेऱ्याच्या काचेपुढे लावला. मग अंडी उकडायला सुरुवात झाली. आधी दोन्ही तुकडे एकाच दिशेने लागले, तेव्हा अंडं पूर्वीसारखंच चकाकलं. तिने काचेपुढचा तुकडा हळूहळू फिरवला. कडं फिकं झालं, आणखी फिकं झालं आणि नाहीसं झालं. फोटो काळोखा आला, म्हणून तिने माझा जोर वाढवला. त्या आठवड्यात दवाखान्यात येईल त्याला चहाबरोबर अंडं मिळायचं. रखवालदाराने शेवटी हात जोडले.

एलिपेंडो परत आली. या वेळी म्वानाइदीने घाई केली, कारण तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. तात्पुरता दात तसाच ठेवून, शेजारच्या दातांजवळ रंगाचा नमुनादात धरून तिने कळ दाबली.

पडद्यावर दात आले. चकाकी नाही, कडं नाही. तपकिरी पट्टे, मधले खडूसारखे ठिपके, कडेचा चहासारखा रंग, जे होतं ते सगळं. मी शोधशोध शोधलं, पण माझा कुठे मागमूस नव्हता. एवढा मोठा उजेड पाडला आणि फोटोत मीच नाही. क्षणभर मन खट्टू झालं.

सालुमुचा फोन आला. "डॉक्टर, आता रंग कळला, पण दात मेल्यासारखे दिसतात. वरचे उंचवटे कळत नाहीत. जुन्या पद्धतीचाही एक पाठवा." मग म्वानाइदीने माझा चष्मा काढून, मला जरा वर आणि तिरकं धरून आणखी एक फोटो घेतला, आणि त्यातल्या चकाकीवर खूण करून लिहिलं, 'हा डाग नाही, हा म्हातारा.' म्हणजे चष्मा लावूनही मीच, काढूनही मीच. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरी टोपी सणाच्या आदल्या दिवशी आली. म्वानाइदीने ती पक्की बसवली, पण आरसा एलिपेंडोच्या हातात दिला नाही. तिने बिबीला पुढे बोलावलं.

"बिबी, नवा दात कुठला ते ओळखा."

बिबीने सुनेची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. चष्मा पुसला. एकेक दात निरखला. मग एका दातावर बोट ठेवून ती ठामपणे म्हणाली, "हा. आता बरा आहे, पण बारकाईने बघितलं की नकली कळतोच."

म्वानाइदी खाली बघून हसू दाबत होती. एलिपेंडोने जिभेने दात चाचपला.

"आई," ती म्हणाली, "तो माझा जन्माचा आहे."

बिबीने बोट काढलं आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला. एलिपेंडोने आरसा मागितला, पदर खाली सोडला आणि आपलंच तोंड बघता बघता तिने ती पहिली ओळ उचलली. बाहेर बाकावर दुखऱ्या दाढेवर हात धरून बसलेल्या एका माणसाने पुढची ओळ धरली.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझा उजेड थोडा मंदावला आहे, पण सालुमुला अजून माझेच फोटो लागतात. तुमच्याकडे एखादा जुना दिवा, रेडिओ, खेळणं असेल तर ते बाजूला ठेवताना त्याच्या पोटातले सेल तेवढे काढून ठेवा. आम्हाला पडून राहायचं दुःख नसतं, सडायचं असतं. आणि कुणाच्या तोंडावर उजेड पाडणार असाल, तर तो जरा आवरून पाडा. समोरच्याचं जे आहे ते आधी दिसू द्या.

रोज संध्याकाळी म्वानाइदी माझे सेल काढते आणि मला मऊ फडक्यात गुंडाळून खणात ठेवते. तिथे एका छोट्या डबीत ती पहिली टोपी आहे, पांढऱ्या डोळ्याची. शिकायला येणाऱ्या मुलांना ती नेहमी दाखवते. कोणीतरी विचारतंच, "डॉक्टर, हा डाग कसला?"

म्वानाइदी मला उचलून त्या टोपीशेजारी ठेवते आणि म्हणते, "ओळखा पाहू."