ड्रायव्हरची बाजू

“स्टुडिओत डावं-उजवं म्हणायचं नाही, पोरी. ड्रायव्हरची बाजू म्हण, नाहीतर शेजारच्याची बाजू म्हण. डावं-उजवं बघणाऱ्याबरोबर फिरतं. गाडी फिरत नाही.”

माती घडवणाऱ्या जुन्या कारागिरानं, गेरिट टर्पस्ट्रानं, आर्लीनला हे तिच्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. हात मातीनं बरबटलेले, तोंडात पेपरमिंटची गोळी. आर्लीन तेव्हा नुकती कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली. डेट्रॉईटच्या एका मोटार कंपनीच्या डिझाइन स्टुडिओत सीटचं कापड आणि रंग निवडायला तिला घेतलं होतं. ती हसली.

“मिस्टर टर्पस्ट्रा, डावं-उजवं मला बालवाडीपासून येतं.”

“बरं झालं. इथल्या निम्म्या साहेबांना येत नाही,” तो म्हणाला आणि पुन्हा पातं चालवू लागला.

महायुद्ध संपून लष्करातून परतलेली पोरं युरोपातल्या बुटक्या, दोन सीटच्या गाड्यांच्या गोष्टी सांगत होती, आणि आजवर फक्त घरंदाज, पोटसुट्या गाड्या काढणाऱ्या या कंपनीलाही एकाएकी अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. स्पोर्ट्स कार काढायची ठरली. नाव आधीच ठरलं, मर्लिन, एका लहानशा ससाण्याचं. आकार मात्र कुणालाच सुचलेला नव्हता.

आकार ठरायचा मातीत. खऱ्या मापाचा लाकडी सांगाडा, त्यावर भट्टीत ऊन केलेली तपकिरी माती. तिला गंधकाचा वास असे. तो केसांतून जात नसे, आणि आर्लीनची आई रविवारी चर्चमध्ये लेकीपासून दोन बोटं लांब बसे. वेळ वाचावा म्हणून स्टुडिओत एक रीत होती. गाडी एकच, पण तिच्या दोन बाजू दोघांनी करायच्या. मधोमध उभा आरसा धरला की ज्याची त्याची गाडी पुरी दिसे. साहेब येऊन एक बाजू पसंत करत. दुसरी खरवडून टाकायची आणि पसंतीच्या बाजूसारखीच करायची.

मर्लिनची ड्रायव्हरकडची बाजू व्हर्न कुबियाकनं केली होती. व्हर्नचं आणि आर्लीनचं लग्न ठरलेलं होतं. त्याची रेघ दारापाशी खाली उतरे आणि मागच्या चाकावर टम्म फुगून वर येई. पोरं त्याला छळत. “व्हर्न, ही गाडी आहे की तुझी मावशी?”

शेजारची बाजू गेरिटची. तिच्यात एकच रेघ होती, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, एका श्वासात ओढलेली. तिच्यावरून हात फिरवताना तो डोळे मिटायचा. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या चित्रांना माती लावली होती. ही पहिली रेघ त्याची स्वतःची.

पसंतीच्या दिवशी स्टुडिओतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. आत फक्त थोरले साहेब, मिस्टर बॅबकॉक, त्यांच्यामागे मान हलवणारे चौघे, आणि कातड्याचे नमुने धरून उभी आर्लीन. साहेब गाडीच्या नाकासमोर उभे राहिले. सिगार तोंडातून काढला, डाव्या हातानं आपल्या डाव्या अंगाला दाखवलं.

“डावी. ही गाडी आहे. दुसरी खरवडा.” आणि जेवायला निघून गेले.

आर्लीन दार उघडून बाहेर आली तेव्हा सगळे दाराला खेटून उभे होते.

“कुठली?” कुणीतरी ओरडलं.

“डावी!” ती म्हणाली.

अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, तेव्हा गाडीची डावी म्हणजे ड्रायव्हरची. ड्रायव्हरची म्हणजे व्हर्नची. त्यानं तिला कंबरेला धरून उचललं, तिचा एक बूट पडला, शिट्ट्या झाल्या. गेरिटनं टोपी काढली आणि व्हर्नचा हात हातात घेतला. “चांगलं काम आहे, पोरा. फुगवटा जरा जास्त आहे, पण लोक वेडे होतील.” मग पातं घेऊन आत गेला. आपली बाजू तो दुसऱ्याला खरवडू देणार नव्हता. “माझी आहे, मीच काढतो,” एवढंच म्हणाला.

आर्लीन विसरलेले नमुने आणायला आत गेली. ते गाडीच्या नाकासमोरच्या टेबलावर होते. ते उचलून तिनं वर पाहिलं, आणि आपण साहेबांच्याच जागी उभे आहोत हे तिच्या ध्यानात आलं. तिचा डावा हात आपोआप थोडा उठला. त्या अंगाला गेरिटची पाठ होती, आणि पात्याखालून मातीच्या लांबच लांब सालपटी निघत होत्या.

अजून फक्त पुढचा कोपरा गेला होता. दार शाबूत होतं, मागचं चाक शाबूत होतं. एक शब्द पुरला असता. “थांबा” तिच्या जिभेवर आलाही होता. पण तेवढ्यात बाहेरून व्हर्नचा आवाज आला. तो फोनवर आईशी पोलिशमध्ये बोलत होता, बोलता बोलता रडत होता.

तिनं नमुने छातीशी धरले आणि बाहेर आली. चूक झाली होती ती दारात, घाईत. पण हे जे आत्ता झालं त्याला चूक म्हणता येत नव्हतं, आणि ते तिला त्याच घटकेला कळलं होतं.

काही आठवड्यांनी दोन्ही बाजू सारख्या झालेली गाडी पाहून साहेबांनी तिच्या बॉनेटवर थाप मारली. “सांगितलं नव्हतं? पाहताक्षणी ओळखलं होतं मी.” मान हलवणाऱ्यांनी मान हलवली.

पुढची हकीकत मर्लिनवाल्यांना तोंडपाठ आहे. पहिल्या वर्षी अंग फायबरग्लासचं आणि इंजिन मात्र कुटुंबाच्या गाडीतलं, सहा सिलिंडरचं, दमेकरी. सगळ्या गाड्या सायीच्या रंगाच्या, कारण दुसरा रंग त्या अंगावर टिकेना. दारं गळायची. मालक पायाखाली भोकं पाडून पाणी सोडून देत आणि वर म्हणत, “धुवायचा खर्च वाचला.” कंपनी गाडी बंद करायच्या बेतात होती. मग आठ सिलिंडरचं इंजिन आलं, लाल रंग आला, आणि त्या फुगवट्यावर पोरी टेकून फोटो काढू लागल्या. व्हर्नला बढती मिळाली, मासिकात त्याची तसबीर आली. “मर्लिनचा बाप,” असं खाली छापलं होतं.

गेरिट तोवर निघून गेला होता. लग्नात त्यानं स्वतः कोरलेलं लाटणं दिलं, पुढच्या वसंतात राजीनामा दिला. “हात थरथरतो आता,” त्यानं सांगितलं. हात थरथरत नव्हता. आर्लीन त्याच्या हाताकडेच बघत होती.

मग विनी झाली. पोर झाल्यापासून आर्लीनची झोप पातळ झाली. ती पाळण्यापाशी उभी राही, पावडरच्या डबीतला आरसा विनीच्या नाकाशी धरी आणि त्यावर वाफ धरली की मागे सरे. व्हर्न म्हणायचा, “अगं, जिवंत आहे ती. किती वेळा तपासशील?” आर्लीन हसायची. पण तिला वाटायचं, आपल्या हातून एकदा काही निसटलंय, आणि निसटलेलं कुठेतरी हिशेबाला उभं असतं.

कंपनी आता दुसरी मर्लिन काढणार होती, नव्या आकाराची. म्हणून मर्लिन मालकांच्या क्लबनं आपल्या पत्रिकेसाठी पहिल्या मर्लिनचा इतिहास मागितला, आणि तो आर्लीनकडे मागितला. स्टुडिओत होती, व्हर्नची बायको होती, शिकलेली होती. तिनं हो म्हटलं. गेरिटला भेटायला आता निमित्त होतं.

तो मिशिगन सरोवराच्या काठी राहत होता, पेंटवॉटर गावाच्या वरच्या अंगाला. पानगळ सरत आली होती. विनीला मागच्या सीटवर उशांत खोचून आर्लीन घरच्या गाडीनं गेली. व्हर्नच्या मर्लिनमधून जाणं तिला शक्यच नव्हतं.

“ये, ये! हिला नाक तुझं आलंय. देवाची कृपा, व्हर्नचं नाही आलं.” गेरिटनं वाटाण्याचं घट्ट सूप वाढलं. तो केवढा खूश होता! एकटा माणूस, बोलायला आसुसलेला. सूप संपल्यावर म्हणाला, “चल, तुला एक गंमत दाखवतो. हसायचं नाही.”

मागच्या शेडमध्ये चादरीखाली अर्धी गाडी होती. त्या दिवशी पुढचा कोपरा खरवडून तो थांबला होता, आणि सगळे घरी गेल्यावर त्यानं म्हणे उरलेल्या बाजूचा प्लॅस्टरचा साचा घाईघाईनं काढून घेतला होता. कोपरा तेवढा राहिला, तो नंतर आठवून केला. साच्यातून फायबरग्लासची बाजू काढली, घासली, सायीचा रंग दिला. अर्ध्या गाडीला लागून भिंतीएवढा आरसा उभा होता. आरशात बाकीची अर्धी. एका श्वासातली ती रेघ अख्खी झाली होती, आणि ती मर्लिन रस्त्यावरच्या कुठल्याही मर्लिनहून देखणी होती.

विनी आरशातल्या विनीला हात दाखवत होती.

“रोज बघतो,” गेरिट म्हणाला. “रागानं नाही हं. मला फक्त कळत नाही, साहेबांना काय खुपलं? दार? मागचा उतार? तू आत होतीस. तू काही ऐकलंस का?”

हीच वेळ होती. ती त्यासाठीच आली होती. पण त्याच्याकडे बघून तोंड उघडेना, म्हणून ती गाडीकडे बघत बोलू लागली.

“काहीच बोलले नाहीत हो. आले, इथे असे नाकासमोर उभे राहिले, सिगार काढला आणि म्हणाले, डावी.” आणि तिचा हात उठला. साहेबांचा उठला होता तसाच, डावा, डावीकडे.

हात थेट त्या सायीच्या रेघेकडे गेला होता.

गेरिटनं तिच्या हाताकडे पाहिलं. मग ती उभी होती त्या जागेकडे. मग पुन्हा हाताकडे.

“नाकासमोर?” त्यानं हळूच विचारलं.

“हो.”

“आणि तू बाहेर येऊन…”

“हो.”

“नंतर कळलं का तुला?”

तिनं मान खाली घातली. तो पुढे कधी, कसं, काहीही विचारेल म्हणून ती वाट बघत राहिली. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चादर उचलली, गाडीवर पसरली, कोपरे नीट खोचले. झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. मग खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, दातानं फोडली, छोटासा तुकडा विनीच्या तळहातावर ठेवला.

“अख्खी देऊ नकोस, घशात अडकेल. निघा आता. बर्फ येईल.”

माफी तिनं मागितलीच नाही. सबंध रस्ताभर ती शब्द जुळवत राहिली आणि सगळे शब्द घरी आणले.

व्हर्नला तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तो आधी हसला.

“म्हणजे बॅबकॉकला गेरिटची हवी होती? आणि दुसरीच केली याचा त्या साहेबाला पत्ताच लागला नाही?”

“व्हर्न, हसू नकोस.”

“बरं. पण लोकांना आवडली ना गाडी? माझीच ना? मग त्यानं कुठं हात दाखवला, यानं काय फरक पडतो?”

“गेरिटला पडतो.”

व्हर्ननं टोस्टला लोणी लावलं, लावलेलं पुन्हा काढलं. “तू तेव्हाच सांगायचंस,” तो म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. “त्यानं माझा हात हातात घेतला होता गं.” टोस्ट तसाच टाकून तो कामाला गेला. दुसऱ्या मर्लिनच्या मातीपाशी आता तोच उभा असे. त्या दिवसापासून तो घरीसुद्धा डावं-उजवं म्हणेनासा झाला. विनीचा हरवलेला मोजासुद्धा “शेजारच्या बाजूला पडलाय” म्हणे. आधी आर्लीनला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती.

आर्लीननं पेंटवॉटरला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला, पुन्हा वाजत राहिला. नाताळात गेरिटकडून दरवर्षी पवनचक्कीच्या आकाराच्या बिस्किटांचा डबा येई, तो आला नाही. जानेवारीत रस्ता मोकळा झाला तशी ती विनीला सासूकडे ठेवून गेली. धुराड्यातून धूर निघत होता. तिनं दार वाजवलं, हाक मारली, पायरीवर उभी राहून जे बोलायचं होतं ते बंद दाराशी बोलली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं नाही. शेडच्या दारासमोरच्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तेवढं पाहून ती परतली.

गावातला दुकानदार म्हणाला, “मिस्टर टर्पस्ट्रा? आता मुलाबरोबर सामान पोचवतो आम्ही. पूर्वी यायचे, गप्पा मारायचे. आता दारातच पिशवी ठेवायला सांगतात. आणि पेपरमिंट मागवत नाहीत.”

मग तिनं क्लबसाठीचा इतिहास लिहिला. मातीपासून लिहिला, गळक्या दारांपासून लाल रंगापर्यंत. त्या दिवशी साहेब कुठं उभे होते, हात कुठं गेला आणि दाराबाहेर येऊन आपण काय बोललो, हेही लिहिलं. व्हर्ननं सगळा वाचला. एकाच ठिकाणी पेन्सिल लावली. “मर्लिनचा बाप” हे शब्द खोडले आणि कागद परत दिला.

शेवटचा मजकूर तिनं विनी झोपल्यावर स्वयंपाकघरात लिहिला. तो असा छापून आला:

“तुमच्यापैकी जे मस्कीगनकडे, लडिंग्टनकडे राहतात, त्यांना माझी विनंती आहे. थंडी सरेपर्यंत थांबू नका. पेंटवॉटरच्या वर, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्याला शेवटचं हिरवं घर आहे. रविवारी जाऊ नका, रविवारी ते कुणाला भेटत नाहीत. मागच्या दारानं जा. मी पाठवलं म्हणू नका. मर्लिन चालवतो म्हणा, आणि ती बाजू बघायची आहे म्हणा. शेड उघडली, तर आरसा पुसून द्या. नाही उघडली, तरी थोडा वेळ बसा. ते जेवतात का, बोलतात का, एवढं बघा. आणि कृपा करून मला कळवा.”