हत्ताच्या वादीतली चढण

वाळवंटात कसली नदी अन् कसले मासे, म्हणणाऱ्या शहाण्यांनी सत्त्याण्णवच्या मार्चात गल्फमधल्या हत्ताच्या वादीत उभं राहायला हवं होतं. मी होतो. आणि त्या दिवशी तिथला सगळ्यात मोठा गाढव मीच होतो, तेही लिहितो.

वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. उन्हाळ्यात नुसते गोटे. हिवाळ्यात पाऊस झाला की डबकी भरतात आणि त्यांत बोटाएवढे मासे दिसतात. मधले महिने ते कुठे काढतात, आमच्या अल क्वोजच्या वर्कशॉपात एकालाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारची सुट्टी. सोबत माझा मेहुणा रुपेश, गावाहून येऊन जेमतेम महिना झालेला, आणि पिकअप चालवणारा पेशावरचा रफिक. डोक्यावर आभाळ निळंशार. ढग होते ते लांब, ओमानच्या डोंगरांवर.

दुपारी डबकं हललं. वरून बारीक धार सुरू झाली आणि सगळे मासे एकदम तोंड फिरवून धारेवर चढायला लागले. दगडांवरून उड्या मारत!

"चढण!" मी ओरडलो.

कोकणातल्या माणसाला एवढा शब्द पुरतो. पहिल्या पावसात धारेविरुद्ध वर येणारे हे चढणीचे मासे दिसले की आम्ही पाण्याकडे धावतो. गल्फमध्ये दहा वर्षं काढली, अक्कल मात्र गावच्या ओढ्यातच राहिली. जेवायला अंथरलेली रफिकची चादर मीच रुपेशच्या हातात कोंबली. "जा मध्ये, धर आडवी!"

रफिक उलटा, काठाकडे पळाला. "पागल हो क्या? यल्ला, ऊपर! पानी आता है!"

"टखने जितना है, खानसाहब!" रुपेश घोट्याएवढं पाणी दाखवत हसत म्हणाला.

मग डोंगर गुरगुरला. वळणावरून पाणी नाही, भिंत आली. तांबडी, गोटे घेऊन, अख्खी बाभूळ उभीच्या उभी घेऊन. आणि हा शहाणा चादर सोडेना! मी उतरून त्याची कॉलर धरली, रफिकने माझा पट्टा. खडकावर पडलो तेव्हा मागे चादर नव्हती, डबकं नव्हतं, काहीच नव्हतं.

तासाभराने ओसरलं. रुपेशने खाली बोट दाखवलं. खडकाच्या कपारीत, ओंजळभर गढूळ पाण्यात, मासे. बोटाएवढे. बाभूळ उपटणाऱ्या पाण्यानेही ते हलले नव्हते. तोंड अजून वरच्याच अंगाला.

रुपेश वाकला. मला वाटलं, आता पकडतोय. त्याने पाण्याला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

"दाजी, ताईला यातलं काही सांगू नका."

"चादर एकदम नई थी," रफिक पुटपुटला. पण नजर त्याचीही कपारीतून निघत नव्हती.