शब्बूतची चाल

उस्ताद मुझहिरला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, डाव राहत. अशारच्या बाजारात कोणी सलाम केला की हा बावळटासारखा बघत राहायचा. तो माणूस मग म्हणायचा, अहो, मी तुमच्याकडे शिकायला होतो, आणि याचा पहिला प्रश्न असायचा, आधी उंट काढायचास की घोडा? उत्तर मिळालं की नाव, बापाचं नाव, कुठल्या स्पर्धेत हरून रडला होता, सगळं धडाधड बाहेर यायचं. बायको सबीहा म्हणायची, या माणसाला माझं लग्नातलं तोंडसुद्धा आठवत नसेल, पटावर बसून हरले असते तर आठवलं असतं.

पण बस्रात आता बुद्धिबळाच्या वर्गाला येतंय कोण? पोरं फोनवर खेळतात, तीन मिनिटांचा ब्लिट्झ, फटाफट, की लगेच पुढचा. मग उस्तादनेही धंदा बदलला होता. तुम्ही फोनवरच्या खात्याचं नाव द्यायचं, तो तुमचे शे-दोनशे डाव बघणार आणि चार पानं लिहून देणार: तुमची शैली कोणती, जोर कशात आहे, घोडं कुठे अडतं आणि काय केलंत तर सुधाराल. बगदादपासून कुवेतपर्यंतचे लोक त्याची पानं मागवायचे, आणि उस्ताद त्याची शेखीही बरीच मिरवायचा.

त्या दुपारी जो तरुण वर आला त्याने क्लेचाचा डबा आणला होता, खजुराच्या सारणाचा, घरी भाजलेला. इस्त्रीचा शर्ट, खालची मान, प्रत्येक वाक्यात उस्ताद. नाव सांगितलं फलाह. म्हणाला, शब्बूत या नावाने खेळतो मी, बरेच महिने एकाच जागी अडकलोय, माझे डाव बघा. उस्ताद हसला. माशाचं नाव घेतलंस, म्हणाला, काटे बरेच असणार. फलाह हसला नाही. फक्त म्हणाला की सगळं लिहा, जे जे दिसेल ते, कधी खेळतो, कधी चुकतो, काही वगळू नका.

बस जरा, एक हात होऊन जाऊ दे, असं म्हणून उस्तादने पट ओढला, तर फलाहने घोडा उचलला आणि बोटाने घरं मोजली. अडीच घरं, लहान मूल मोजतं तशी. मग म्हणाला की पटावर सवय नाही, फोनवरच जमतं, आणि उठला. उस्तादच्या मनात पाल चुकचुकली, पण घरात आलेल्या माणसाला खोटा कसं म्हणायचं, म्हणून त्याने चहा पाजला आणि दोन दिवसांनी ये म्हणून सांगितलं.

डाव उघडले आणि चौथ्या डावातच त्याचा हात थांबला. शब्बूतने जिंकत आलेल्या डावात आपला घोडा उचलून पार कोपऱ्यात नेऊन ठेवला होता. कोणी ठेवतं का? घोडा कोपऱ्यात म्हणजे खुंटाला बांधलेलं जनावर, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण पुढच्या सहा चालींत तोच घोडा समोरच्याच्या राजावर येऊन बसला. बस्रात अशी खेळणारी एकच होती. मुलींच्या शाळेच्या संघातली रुवैदा. उस्तादने तिला त्या कोपऱ्यातल्या घोड्यावरून वर्षभर झोडपलं होतं, आणि ती शांतपणे म्हणायची, उस्ताद, कोपऱ्यात काय ठेवलंय ते कोणी बघत नाही.

पुढचे डाव त्याने बघितले ते फक्त खात्री करायला. वजिराला वजीर मारून मोकळं व्हायचं, मग राजाला बिनधास्त मैदानात चालत न्यायचं, घड्याळात शेवटचे काही क्षण उरले की घाबरायचं नाही, उलट हात शांत होतो. तीच होती. आणि मग त्याला त्या फलाहच्या मधोमध जुळलेल्या भुवया आठवल्या. चेहरे लक्षात न राहणाऱ्या माणसाला त्या भुवया मात्र लख्ख आठवल्या, कारण त्याच भुवया त्याने पटापलीकडे बसलेल्या रुवैदाच्या चेहऱ्यावर पाच वर्षं बघितल्या होत्या. हा तिचा भाऊच.

रुवैदाचं काय झालं ते सगळ्या बस्राला ठाऊक होतं. झुबैर गावी चुलतभावाशी लग्न लावून दिलं होतं. तो हात उचलायचा. ती दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा भावांनी परत नेऊन घातली. मागच्या थंडीत तान्ही मुलगी घेऊन ती घरातून निघाली ती पुन्हा दिसली नाही. तिच्या घरच्या पुरुषांनी दिवाणखान्यात वडीलधाऱ्यांसमोर बसून, कॉफीचा पेला तोंडाला न लावता, शब्द दिला होता. शब्द कसला ते विचारायची कोणाला गरज पडली नाही. ती सापडायची खोटी, पुढचं ठरलेलं होतं.

सबीहाला त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. तिने विचारलं की नाही म्हणता येईल का. उस्ताद म्हणाला, नाही म्हटलं तर त्याला कळेल की मी तिला ओळखलं. पोलिसांत जावं तर तेच तिला धरून भावांच्या हवाली करतील, वर घरचं प्रकरण म्हणून हात झटकतील. आणि मी नाही लिहिलं तर दुसरा कोणी लिहील. ते माझ्याकडे आलेत एवढ्याचसाठी की मी हात ओळखतो. ही रुवैदाच आहे ना, एवढंच त्यांना हवंय. तर मी लिहितो की ही ती नव्हेच, हा भलताच कोणीतरी आहे.

"लिही," सबीहा म्हणाली. "पण थोडं लिही. तुला थोडं लिहिता येत नाही, म्हणून सांगते."

त्याला ते लागलं. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने आपलं एक पान कधी वाचलं नाही आणि वर अक्कल शिकवते, असं त्याच्या मनात आलं. खोटं नुसतं वाढलं तर घशात अडकतं, त्यात थोडं खरं कालवावं लागतं, हे तिला कोण सांगणार?

मग तो बसला आणि त्याने एक माणूस उभा केला. शब्बूत हा पन्नाशीतला गडी, लष्करात असताना चहाच्या टपरीवर शिकलेला. वजिरावर जीव, वजीर सोडवत नाही. हिशेब न करता हल्ला चढवणारा, नशिबाने वाचणारा. जोर धाडसात, कमजोरी शेवटच्या खेळात. एकही अक्षर खरं नव्हतं, आणि इतकं झकास लिहिलं होतं की त्याचं त्यालाच हसू आलं. फक्त शेवटचं पान राहिलं, सुधारणेचं. तिथे थोडं खरं घालायला हवं होतं, नाहीतर कोणत्याही जाणकाराने ते पान वाचून फेकून दिलं असतं. त्याने असं खरं शोधलं की ज्यात रुवैदा नव्हती. शब्बूत अनेक डाव जिंकता जिंकता हरला होता, आणि त्यात खेळाचा काही दोष नव्हता. लाइन तुटत होती. दुपार कलताना होणाऱ्या अस्रच्या अजाननंतर लगेच एकदा, सूर्यास्ताच्या मगरिबच्या थोडं आधी पुन्हा एकदा, आणि शुक्रवारी भर दुपारी. सरकारी वीज गेली की गल्लीतलं जनरेटर सुरू होतं आणि तेही मध्येच थंड करायला थांबवतात, हे बस्रात कोणाला सांगावं लागतं? त्याने वेळा नीट लिहिल्या आणि खाली सल्ला दिला: या वेळांना डाव सुरू करू नका, राउटरला छोटी बॅटरी लावा, इतके गुण फुकट जात आहेत. हा सल्ला तो निम्म्या बस्राला देत असे.

फलाह ठरल्याप्रमाणे आला. पहिली तीन पानं त्याने ओलांडली, जशी वर्तमानपत्रातली जाहिरात ओलांडतात. उस्ताद आपल्या टपरीवाल्या लष्करी गड्याचं कौतुक सांगायला लागला, वय कसं ओळखलं, वजिराचा मोह कसा दिसतो. फलाहने त्याला हाताने थांबवलं, अगदी आदराने.

"ते असू द्या, उस्ताद. कोण खेळतंय ते आम्हाला माहीत आहे. तिचा जुना टॅब नवऱ्याच्या घरी राहिला, त्यावर खातं अजून उघडंच आहे. रोज बघतो आम्ही. चांगलं खेळते." मग त्याने शेवटचं पान वर धरलं. "ती कुठून खेळते, तेवढं कळत नव्हतं."

फलाहने फोन लावला आणि समोरच बसून बोलला, लपवण्यासारखं काही नसल्यासारखा. काका, म्हणाला, अस्रच्या अजाननंतर मशीन थंड करायला कोण थांबवतं? आणि मगरिबच्या आधी पुन्हा? हो, शुक्रवारी दुपारीही. थोडा वेळ त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, तन्नूमा, अबू सनद, बरं. फोन खिशात घालताना त्याने समजावून सांगितलं की काकांची जनरेटरं आहेत, झुबैरपासून अबुल-खसीबपर्यंत, आणि मशीनवाले एकमेकांच्या खोडी ओळखतात. तुमच्या हाताला बरकत येवो, असं म्हणून तो जिना उतरला.

उस्ताद चपला घालायलाही थांबला नाही, घरातल्या सपातांवरच खाली पळाला. सबीहाने वरून काय झालं म्हणून विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर ती म्हणाली ते खरं झालं होतं हेही सांगावं लागलं असतं.

तन्नूमा नदीपलीकडे, आणि टॅक्सी पुलावर अडकली. शत्त नदीचं पाणी खाली संथ, वर गाड्यांचा कल्लोळ. उस्तादने फोन काढला. शब्बूतने गप्पांची खिडकी बंद ठेवली होती, अनोळखी माणसाचं आव्हानही ती घेत नसे, ते त्याने डाव बघतानाच पाहिलं होतं. मग त्याला एक युक्ती सुचली. समोर जोडी लागली की नाव तर दिसतं ना? त्याने नवं खातं काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'तन्नूमा-सोड-रुवैदा'. पण नव्या खात्याला यंत्र नवशिक्यांशी जुंपतं. पहिला आला ब्राझीलचा, दुसरा फिलिपिन्सचा, तिसरा कुठला देव जाणे. तिच्या पातळीवर पोचायला त्याला डझनावारी डाव जिंकावे लागले असते. टॅक्सीवाला आरशातून बघत होता की हा म्हातारा फोनवर बोटं आपटत रडतोय कशाला.

तन्नूमात अबू सनदचं मशीन कोणालाही विचारावं, आवाजावरून सापडतं. अबू सनद खुर्चीवर बसून कलिंगड खात होता. उस्तादने धापा टाकत विचारलं की थंडीत इथे राहायला आलेली एक बाई, लहान मुलगी बरोबर, कुठे राहते. अबू सनदने सुरी पुसली.

"आज तिच्याकडे पाहुणे फार," तो म्हणाला. "आत्ताच दोघं-तिघं विचारून गेले. भाऊ आहेत म्हणे."

त्याने वर बोट केलं. मशीनपासून निघालेल्या वायरींच्या जुडग्यातली निळी वायर, तिच्याच घरची. तिसऱ्या गल्लीत वळते. नाव त्याला ठाऊक नव्हतं, पैसे वेळेवर देते एवढं ठाऊक होतं.

उस्ताद निळ्या वायरीखालून चालत निघाला, मान वर, पाय अडखळत. पळायला जमत नव्हतं. हातातल्या फोनवर त्याने शब्बूतचं नाव उघडलं, आणि ती खेळत होती. आत्ता, या क्षणी. त्याला इतकं हायसं वाटलं की तो गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभा राहिला. समोर कोणी तुर्कस्तानचा होता आणि शब्बूत त्याला सोलून काढत होती. वजीर कधीच मारामारीत गेले होते, तिचा राजा मैदानाच्या मधोमध उभा होता, घड्याळात दीड मिनिट शिल्लक. तुर्काने हत्ती मागे घेतला. आता तिची एक चाल, साधी, उंटाने प्यादं मारायचं की डाव खिशात. शाळेतल्या कोणत्याही पोराला दिसली असती. तिला तर हत्ती हलायच्या आधीच दिसली असणार.

चाल आली नाही.

वीज होती. वायर डोक्यावर तशीच ताठ होती, शेजारच्या घरात पंखा फिरत होता, लाइन तुटल्याची खूण पडद्यावर नव्हती. फक्त शब्बूतचं घड्याळ उतरत होतं. मार ना, पोरी, उस्ताद म्हणाला, मोठ्याने, वर्गात म्हणायचा तसा. उंट उचल. एक मिनिट राहिलं, मग अर्धं. तो पुन्हा चालायला लागला, एक डोळा वायरीवर, एक पडद्यावर, आणि गल्लीच्या टोकाशी एक पांढरी गाडी चालू इंजिनाने उभी असलेली त्याला दिसली.

निळी वायर एका हिरव्या दारावर उतरत होती. तिथे तो पोचला तेव्हा फोनवर पाटी आली की वेळ संपली, काळ्याची हार, आणि तुर्काने लगेच पुढचा डाव मागितला. उस्तादने दार वाजवायला हात उचलला. दार उघडंच होतं.